आपली किंमत आपण ठरवणारी नायिका : जेनेव्हीव न्नाजी आणि नायजेरियाचा सिनेमा

२००४ च्या सुमारास नायजेरियातल्या सिनेमा-व्यापाऱ्यांनी एक अजब निर्णय घेतला. ज्यांच्या नावावर त्यांचा माल खपत होता, त्याच आघाडीच्या कलाकारांना वर्षभर काम द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. हे लोक मानधन फार मागतात, एवढीच तक्रार होती. त्या यादीत पंचविशीतली एक अभिनेत्री होती. तिचं नाव जेनेव्हीव न्नाजी.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०१९ मध्ये, नायजेरियाने ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी आयुष्यात पहिल्यांदा एक सिनेमा पाठवला. त्याची दिग्दर्शिका आणि नायिका जेनेव्हीवच होती. तो सिनेमाही स्पर्धेतून बाद झाला, कारण त्यात इंग्रजी फार आहे असं ऑस्कर देणाऱ्या अकादमीचं म्हणणं पडलं.

पहिला नकार घरच्यांनी दिला आणि तो पैशावरून होता. दुसरा परक्यांनी दिला, भाषेवरून. या दोन नकारांमागची कारणं नीट समजून घेतली तर नॉलिवूड म्हणजे नायजेरियाचा सिनेउद्योग कसा चालतो ते बरंचसं उलगडतं. नुसती पुरस्कारांची आणि सिनेमांची जंत्री देऊन जेनेव्हीव कळणार नाही, म्हणून तिची गोष्ट मी याच वाटेने सांगणार आहे.

लागोसमधली मुलगी

जेनेव्हीवचा जन्म ३ मे १९७९ चा, आग्नेय नायजेरियातल्या इमो राज्यातल्या म्बाइसे भागातला. कुटुंब इग्बो, म्हणजे त्या पूर्वेकडच्या भागातल्या मोठ्या समाजातलं. आठ भावंडांत ती चौथी. वडील इंजिनिअर, आई शिक्षिका. वाढली मात्र लागोसमध्ये, म्हणजे योरुबा लोकांच्या मुलखातल्या, पण देशभरातून माणसं येऊन वसलेल्या महानगरात. घरी इग्बो, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर योरुबा आणि पिजिन म्हणजे नायजेरियाची मोडकीतोडकी वाटणारी पण पूर्ण स्वतंत्र अशी मिश्र बोली : लागोसमधल्या मुलांचं रोजचं जगणं असंच असतं. हे लक्षात असू द्या, ऑस्करच्या भांडणात ते कामी येणार आहे.

आठव्या वर्षी ती 'रिपल्स' या टीव्ही मालिकेत दिसली. शिक्षण याबातल्या मेथडिस्ट गर्ल्स कॉलेजात आणि पुढे लागोस विद्यापीठात झालं. त्याआधी, किशोरवयातच, ती एका मुलीची आईही झाली होती. १९९८ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, 'मोस्ट वाँटेड' मधून ती सिनेमात आली. इथे 'सिनेमात आली' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर थिएटर, पडदा, तिकीट खिडकी येते. तिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

थिएटरशिवायचा सिनेमा

१९७० च्या दशकात तेलाच्या पैशावर नायजेरिया श्रीमंत झाला होता. तेव्हा रिळांवर सिनेमे निघत होते, थिएटरं भरत होती. ह्यूबर्ट ओगुंडे यांच्यासारखे योरुबा फिरत्या नाटक मंडळ्यांचे धुरीण आपली नाटकं पडद्यावर आणत होते. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले. १९८६ मध्ये कर्जाच्या अटींपायी सरकारने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम स्वीकारला आणि नायराची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत घसरतच गेली. फिल्म परदेशातून विकत घ्यायची, ती धुवायलाही परदेशी पाठवायची आणि पैसे डॉलर-पौंडांत मोजायचे, हे कुणालाच परवडेना. वर लष्करी राजवट आणि शहरांतली वाढती गुन्हेगारी. रात्रीच्या खेळाला बाहेर पडायची लोकांना भीती वाटू लागली. थिएटरं ओस पडली, आणि त्यांतल्या कितीतरी इमारतींत पुढे चर्च भरू लागली किंवा गोदामं थाटली गेली.

पण घरात टीव्ही होता, व्हिडिओ प्लेअर होता, आणि संध्याकाळी काहीतरी बघायची भूक तर होतीच. १९९२ मध्ये केनेथ न्नेब्युए या व्यापाऱ्याने 'लिव्हिंग इन बाँडेज' नावाचा इग्बो भाषेतला सिनेमा थेट व्हिडिओवर काढला आणि कॅसेटवर विकला. दिग्दर्शक ख्रिस ओबी रापू. झटपट श्रीमंत व्हायला निघालेला एक माणूस एका गुप्त पंथाच्या नादी लागून बायकोचा बळी देतो, पैसा येतो, आणि मग तिचं भूत त्याची पाठ सोडत नाही. पुनर्रचनेच्या काळात रातोरात गब्बर झालेले लोक आणि तेवढ्याच वेगाने कंगाल झालेले शेजारी ज्यांनी बघितले होते, त्यांना ही गोष्ट आपल्या गल्लीतलीच वाटली. कॅसेट तुफान खपली. त्यात काम केलेला कानायो ओ. कानायो हा नट पुढेही भेटणार आहे.

या यशानंतर लागोसमधलं इडुमोटा, अलाबा, आणि पूर्वेकडची ओनित्शा, आबा इथल्या बाजारपेठांतले व्यापारी सिनेमात उतरले. यांना तिथे मार्केटर म्हणतात. यातले बरेचसे इग्बो, इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि कॅसेटच्या धंद्यातले. पैसा तेच घालणार, विक्रीही तेच करणार. स्टुडिओ नाही, बँकेचं कर्ज नाही, सरकारी अनुदान नाही. शूटिंग एखाद्याच्या खऱ्या बंगल्यात, आठ-पंधरा दिवसांत आटपायचं. वीज गेली की जनरेटर लावायचा, आणि जनरेटरचा आवाज संवादात घुसू नये म्हणून तो लांब कुठेतरी नेऊन ठेवायचा.

युनेस्कोने २००९ मध्ये २००६ सालचे आकडे प्रसिद्ध केले तेव्हा जगाने डोळे चोळले. भारतात १,०९१ सिनेमे, नायजेरियात ८७२, अमेरिकेत ४८५. संख्येच्या हिशेबात नायजेरिया जगात दुसरा. थिएटरं जवळजवळ नसलेल्या देशाने हे करून दाखवलं होतं.

कव्हरवरचा चेहरा

इडुमोटाच्या बाजारातल्या एखाद्या गाळ्याची कल्पना करा. भिंतभर कॅसेटी, नंतरच्या काळात व्हीसीडी. कव्हरवर तीन-चार चेहरे, एकमेकांत घुसवलेले, मोठाले. एक रडतोय, एक रागावलाय, मागे एखादी मोटार किंवा बंगला. वर ठसठशीत अक्षरांत नाव आणि शेजारी 'भाग १' किंवा 'भाग २'. गोष्ट एकच असली तरी दोन भागांत कापली की दोन कॅसेटी विकल्या जातात. दर आठवड्याला नव्या कॅसेटींचा ढीग येतोय. वर्तमानपत्रात परीक्षण नाही. पहिल्या दिवशी बघून आलेला मित्र नाही, कारण पहिला दिवस म्हणजे काय तर दुकानात माल आला तो दिवस. मग गिऱ्हाईक निवडणार कशावरून?

चेहऱ्यावरून. आंब्याची पेटी उघडून न बघता, वरचा देवगडचा शिक्का पाहून घ्यावी, तसं. आत काय आहे याची हमी देणारी तेवढीच एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात असते.

तिथल्या कलाकारांची ताकद कुठून आली हे यातून कळतं. दिग्दर्शकाचं नाव फारसं कुणाला माहीत नसे. लेखकाचं तर नसेच. पण जेनेव्हीव, ओमोटोला जलाडे-एकेइंडे, रिचर्ड मोफे-डॅमिजो, रॅम्सी नोआ यांचे चेहरे कव्हरवर असले की माल उठणार हे मार्केटरला ठाऊक होतं. २००२ च्या 'शॅरन स्टोन'मध्ये पुरुषांना बोटावर नाचवणाऱ्या तरुणीची भूमिका जेनेव्हीवने केली आणि ती देशभर गाजली. २००३ च्या 'ब्लड सिस्टर्स'मध्ये ती आणि ओमोटोला बहिणी झाल्या. त्या काळात ती वर्षाकाठी डझनांनी सिनेमे करत होती. एकाच वेळी दोन-तीन सेटवर कामं चालू असणं तिथे नेहमीचं होतं.

त्या काळच्या नॉलिवूडमधला अभिनय बहुतेक वेळा वरच्या पट्टीतला असे. साधा ध्वनिमुद्रक, घाईचं शूटिंग, रडारडीच्या आणि भांडणाच्या कथा. नट ओरडला नाही तर प्रसंग पोचणार नाही अशी स्थिती. जेनेव्हीव त्यात वेगळी दिसते ती तिच्या थांबण्यामुळे. समोरचा बोलतोय तेव्हा ती ऐकते, आणि ऐकताना तिच्या चेहऱ्यावर विचार चाललेला दिसतो. उत्तर द्यायच्या आधी ती क्षणभर नजर खाली नेते. सौंदर्याबद्दल तिचं कौतुक खूप झालं. माझ्या मते तिचं खरं भांडवल हे ऐकणं आहे. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर, जेमतेम प्रकाशात, दहा दिवसांत संपवायच्या सिनेमात हा संयम टिकवणं किती अवघड असेल याचा विचार करा.

बंदी का आली

आता पैशाचा हिशेब. कलाकाराला एकदाच ठरावीक रक्कम मिळायची. कॅसेट दहा हजार खपो की पाच लाख, त्याच्या हातात पुढे काही पडत नसे. थिएटर नाही म्हणजे गल्ल्याची नोंद नाही. किती प्रती काढल्या आणि किती विकल्या हे फक्त मार्केटरला माहीत, आणि ते खरं सांगायचं त्याच्यावर बंधन नव्हतं. नफ्यातला वाटा मागायचा तर नफा किती हे तरी कळायला हवं. त्यामुळे ज्याला आपल्या चेहऱ्याची किंमत वसूल करायची आहे त्याच्याकडे एकच मार्ग उरत होता : काम सुरू होण्याआधीच जास्त पैसे मागायचे.

मार्केटरची बाजूही ऐकायला हवी. नॉलिवूडवर लिहिणारे पुष्कळ जण या व्यापाऱ्यांना खलनायक करून टाकतात, ते मला पटत नाही. स्वतःच्या खिशातला पैसा लावणारा तोच होता. माल बाजारात आला की काही दिवसांत चोरट्या प्रती निघायच्या, म्हणजे कमाईचा जो काही काळ तो पहिल्या थोड्या आठवड्यांचा. एवढ्या अवधीत खर्च निघाला नाही तर तो बुडाला. अशा धंद्यात एकट्या नायिकेचं मानधन बजेटचा मोठा हिस्सा खाऊ लागलं की बाकी सिनेमा कशाने करायचा, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

पण त्यावर त्यांनी काढलेला तोडगा दांडगाईचा होता. सगळ्यांनी मिळून जेनेव्हीव, ओमोटोला, मोफे-डॅमिजो, नोआ, स्टेला डमासस, जिम आइक, एमेका आइक, न्केम ओवोह अशा कलाकारांना काम बंद केलं. हिशेबाची वही कलाकारांना दाखवायची नाही, आणि वही न बघता त्यांनी जास्त मागितलं तर त्यांना दारातूनच परत लावायचं, असा हा प्रकार. एखाद्या खुल्या बाजारात हे टिकलं नसतं. इथे खरेदी, निर्मिती आणि विक्री एकाच गटाच्या हातात असल्यामुळे ते शक्य झालं.

जेनेव्हीवने त्या काळात काय केलं ते बघण्यासारखं आहे. २००४ मध्येच ती लक्स साबणाचा नायजेरियातला चेहरा झाली. घानातल्या एका कंपनीतर्फे तिचा गाण्यांचा अल्बम आला. गाणी फार लक्षात राहिली असं नाही, पण मुद्दा गाण्यांचा नव्हताच. मार्केटरच्या बाजारापलीकडेही आपल्या चेहऱ्याला गिऱ्हाईक आहे हे तिला, आणि मार्केटरांनाही, त्या वर्षी दिसलं. २००५ मध्ये आफ्रिका मूव्ही अकादमी पुरस्कार सुरू झाले. पहिल्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिचं नाव पुकारलं गेलं. बंदी यथावकाश विरली. ज्यांचे चेहरे लोकांना हवे होते त्यांना बाजूला ठेवून माल विकणं मार्केटरांना झेपलं नाही, आणि कलाकार परतले.

कमी सिनेमे, मोठे सिनेमे

दरम्यान थिएटरं परत आली होती, पण वेगळ्या रूपात. लागोसच्या व्हिक्टोरिया आयलंड या उच्चभ्रू भागात २००४ मध्ये सिल्व्हरबर्डचं मल्टिप्लेक्स उघडलं. तिकीट महाग, प्रेक्षक मोजका, पण तिकिटाची नोंद होणार. म्हणजे पहिल्यांदा एखाद्या सिनेमाने किती कमावलं हे कागदावर दिसू लागलं. २००९-१० पासून काही दिग्दर्शकांनी जास्त वेळ आणि जास्त पैसा घालून, थिएटरसाठी सिनेमे करायला सुरुवात केली. याला तिथे 'न्यू नॉलिवूड' म्हणू लागले.

जेनेव्हीवने हा बदल लवकर ओळखला. वर्षाला डझनभर सिनेमे करणारी ती आता वर्षाला एखाद-दुसरा करू लागली. २०१० च्या 'इजे'मध्ये ती पुन्हा ओमोटोलाबरोबर होती. बहिणीवर अमेरिकेत नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे आणि नायजेरियातून आलेली दुसरी बहीण तिला सोडवायला धडपडते, अशी कथा. दिग्दर्शिका चिनेझे अन्याएने. नायजेरियन थिएटरांत त्या काळी हा सिनेमा जोरात चालला. २०१३ मध्ये चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या कादंबरीवरच्या 'हाफ ऑफ अ यलो सन'मध्ये तिने मिस अडेबायो ही छोटी भूमिका केली. बियाफ्राच्या युद्धावरचा, म्हणजे नायजेरियातल्या यादवीवरचा, हा सिनेमा नायजेरियाच्या सेन्सॉरने २०१४ मध्ये काही महिने अडवून धरला होता. हे युद्ध पुढे पुन्हा येणार आहे.

बाहेरच्या जगाला ती माहीत झाली २००९ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमातून. तिथे तिची ओळख 'आफ्रिकेची ज्युलिया रॉबर्ट्स' अशी करून दिली गेली. २०११ मध्ये नायजेरिया सरकारने तिला 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द फेडरल रिपब्लिक' हा राष्ट्रीय सन्मान दिला. माझ्या दृष्टीने या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं वर्ष २०१५ चं. त्या वर्षी 'रोड टू यस्टरडे'ची ती निर्माती झाली. कव्हरवरचा चेहरा आता हिशेबाच्या वहीच्या मागे येऊन बसला.

'लायनहार्ट'

२०१८ च्या सप्टेंबरात टोरांटो महोत्सवात तिने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा दाखवला गेला, 'लायनहार्ट'. त्याच सुमारास नेटफ्लिक्सने त्याचे जगभरचे हक्क विकत घेतले आणि नायजेरियात तयार झालेला आपला पहिला 'ओरिजिनल' म्हणून तो ४ जानेवारी २०१९ ला सगळीकडे आणला.

गोष्ट वरवर साधी आहे. एनुगू शहरात ओबियागू कुटुंबाची बस कंपनी आहे, नाव लायनहार्ट. मालकाच्या छातीत दुखायला लागतं. मुलगी अदाएझे कंपनीत सगळं सांभाळते, तिला वाटतं सूत्रं आपल्या हातात येतील. पण वडील आपल्या भावाला, गॉडस्विल काकाला, पुढे करतात. मग कळतं की वडिलांनी मोठं कर्ज काढून ठेवलंय आणि बँक वसुलीला आली आहे. बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनी गिळायला टपलेला आहे. अदाएझे आणि काका मिळून मार्ग शोधतात, आणि तो सापडतो उत्तरेत, कानो शहरातल्या एका हौसा मुस्लिम उद्योजकाकडे. दोन कंपन्या एकत्र येतात.

नायजेरियाबाहेरच्या प्रेक्षकाला यात एक नेटकी कौटुंबिक कथा दिसते. नायजेरियन प्रेक्षकाला आणखी बरंच काही दिसतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट बसची. पूर्वेकडच्या इग्बो मालकांच्या बसगाड्या नायजेरियाभर धावतात. सणाला गावी जाणारी लाखो माणसं त्यांच्यावर विसंबून असतात. त्यामुळे बस कंपनी हा इग्बो उद्यमशीलतेचा अगदी ओळखीचा चेहरा.

दुसरी गोष्ट शहरांची. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये आधी एक लष्करी उठाव, मग प्रतिउठाव झाला, आणि उत्तरेत राहणाऱ्या इग्बोंच्या कत्तली झाल्या. कानो हे त्यातलं एक ठिकाण. वाचलेले लोक जीव मुठीत धरून पूर्वेकडे पळाले. १९६७ मध्ये पूर्वेने बियाफ्रा नावाने वेगळं राष्ट्र जाहीर केलं, त्याची पहिली राजधानी एनुगू. अडीच वर्षांच्या युद्धात आणि नाकेबंदीतल्या उपासमारीत दहा लाखांहून अधिक माणसं मेली असावीत असं मानलं जातं. १९७० मध्ये बियाफ्रा शरण आला. आता त्याच एनुगूची एक इग्बो मुलगी कानोच्या हौसा माणसाशी भागीदारी करते, आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याशी हौसा भाषेत बोलते. तो चकित होतो. हा प्रसंग जेनेव्हीवने कसलाही ढोल न वाजवता घेतला आहे. युद्धाचा उल्लेख नाही, जुने हिशेब नाहीत, पार्श्वसंगीताचा पूर नाही. दोन धंदेवाईक माणसं एकमेकांची भाषा आणि अदब सांभाळत व्यवहार ठरवतात. तिच्या अभिनयातला जो संयम, तोच तिच्या दिग्दर्शनात इथे उतरला आहे, आणि माझ्या लेखी हा सिनेमा या प्रसंगामुळे मोठा होतो.

जाता जाता कानोबद्दल एक. हे शहर हिंदी सिनेमाचं जुनं भक्त आहे. १९५० च्या दशकापासून लेबनीज वितरकांनी तिथे हिंदी सिनेमे आणले. सबंध उत्तर नायजेरियात ते पिढ्यान् पिढ्या बघितले गेले, आणि तिथला हौसा सिनेमा, ज्याला कॅनिवूड म्हणतात, नाचगाणी आपल्याकडूनच शिकला. मुंबईत तयार झालेली चाल कानोत हौसा शब्दांवर वाजते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरी गोष्ट नटांची. वडिलांच्या भूमिकेत पीट एडोची आहेत, १९८७ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या टीव्ही मालिकेतले नायक ओकोंक्वो. आई झाल्या आहेत गायिका ओन्येका ओन्वेनू. 'लिव्हिंग इन बाँडेज'मधला कानायो ओ. कानायोही यात आहे. आणि गॉडस्विल काका कोण, तर न्केम ओवोह. मार्केटरांच्या बंदीच्या यादीत जेनेव्हीवच्या जोडीने ज्याचं नाव होतं, तोच. एरवी धमाल विनोदी कामं करणाऱ्या ओवोहला तिने इथे शांत, समंजस, मिश्कील केलं आहे. काका आणि पुतणीतली दोस्ती हा सिनेमाचा कणा आहे. एकेकाळी ज्यांना 'तुम्ही महाग आहात' म्हणून घरी बसवलं होतं ते दोघं, आपण ठरवलेल्या किमतीत, आपण ठरवलेला सिनेमा करत होते.

'कोणाची इंग्रजी?'

नायजेरियात ऑस्करसाठी सिनेमा निवडणारी समिती आहे. तिच्या अध्यक्षा 'इजे'च्याच दिग्दर्शिका, चिनेझे अन्याएने. समितीने 'लायनहार्ट' निवडला. ४ नोव्हेंबर २०१९ ला अकादमीने तो बाद केला.

नियम असा : या विभागातला सिनेमा अमेरिकेबाहेर तयार झालेला हवा आणि त्यातले संवाद मुख्यतः इंग्रजी सोडून इतर भाषेत हवेत. त्याच वर्षी अकादमीने विभागाचं नाव 'परकीय भाषेतला चित्रपट' ऐवजी 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' असं केलं होतं, भाषेचा नियम मात्र तसाच ठेवला. 'लायनहार्ट' दीड तासाचा आहे आणि त्यात इग्बो संवाद जेमतेम अकरा मिनिटांचे. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर अकादमी बरोबर होती. नियमाला कारणही आहे : तो नसेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडचे इंग्रजी सिनेमे या विभागात गर्दी करतील आणि ज्यांच्यासाठी तो ठेवला आहे त्यांनाच जागा उरणार नाही.

पण नायजेरियाची इंग्रजी ही ब्रिटनच्या इंग्रजीच्या रांगेत बसवायची का? देशात पाचशेहून अधिक भाषा आहेत. इग्बो माणूस हौसा माणसाशी, योरुबा माणूस इबिबिओ माणसाशी बोलणार ते बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा पिजिनमध्ये. देशाची अधिकृत भाषा इंग्रजीच आहे. एनुगूच्या एका बस कंपनीतल्या संचालकांची बैठक इग्बोत दाखवली असती तर तीच खोटी वाटली असती. अमेरिकन दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनी जाहीरपणे अकादमीला विचारलं : नायजेरियाने आपल्या अधिकृत भाषेत कधीच स्पर्धा करायची नाही का?

जेनेव्हीवचं उत्तर थोडक्यात असं होतं. हा सिनेमा आम्ही नायजेरियन लोक जसे बोलतो तसाच बोलतो. पाचशेहून जास्त भाषांमधला पूल म्हणून इंग्रजी आमच्याकडे आहे, आणि त्यातूनच आम्ही एक नायजेरिया आहोत. फ्रान्सच्या जुन्या वसाहतींत फ्रेंच भाषा माणसांना जोडते, त्यापेक्षा हे वेगळं नाही. आमच्यावर राज्य कुणी करावं हे आम्ही निवडलं नव्हतं.

यातला फ्रेंचचा मुद्दा फार नेमका आहे. पश्चिम आफ्रिकेतल्याच सेनेगलचा दिग्दर्शक फ्रेंच संवादांचा सिनेमा घेऊन आला तर त्याला दार उघडं, कारण फ्रेंच म्हणजे इंग्रजी नव्हे. दोन्ही भाषा आफ्रिकेत सारख्याच वाटेने आल्या, जहाजांतून आणि बंदुकांबरोबर. एक चालते, दुसरी चालत नाही. वसाहतींच्या नकाशात कोण कुणाच्या वाट्याला गेलं यावर तुमचा सिनेमा पात्र ठरणार असेल तर त्या नियमाचा पुन्हा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला हे लगेच कळायला हरकत नाही. या विभागात भारताची अडचण कधी झाली नाही, कारण आपल्याकडे मोठे सिनेमे भारतीय भाषांतच होतात. २००४ मध्ये 'श्वास', २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ मध्ये 'कोर्ट' असे मराठी सिनेमे भारतातर्फे तिथे गेले. पण पुण्या-मुंबईच्या एखाद्या ऑफिसातली गोष्ट, जिथे तमीळ बॉस, बंगाली सहकारी आणि मराठी नायिका दिवसभर इंग्रजीत बोलतात, ती खरीखुरी तशीच चित्रित केली तर तीही याच नियमाखाली बाद होईल.

नायजेरियाने २०२० मध्ये पुन्हा सिनेमा पाठवला. 'द मिल्कमेड', भाषा प्रामुख्याने हौसा. तो स्वीकारला गेला, नामांकन मात्र मिळालं नाही.

आता वही कुणाच्या हातात

'लायनहार्ट'नंतर नेटफ्लिक्सने नायजेरियात पाय रोवले, २०२० मध्ये खास नायजेरियन विभाग सुरू केला, अनेक दिग्दर्शकांना काम दिलं. ॲमेझॉनही आलं. सिनेमांचं तांत्रिक रूप सुधारलं, मानधनं वाढली, पैसे वेळेवर मिळू लागले. पण एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही : या कंपन्याही बहुतेकदा ठरावीक रक्कम देऊन हक्क घेतात, आणि किती लोकांनी किती वेळ बघितलं याचा पूर्ण हिशेब त्यांच्याकडेच राहतो. इडुमोटाच्या गाळ्यातली वही अमेरिकेत गेली, एवढा फरक. जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनने आफ्रिकेतली नवी निर्मिती थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या भरवशावर असलेल्या निर्मात्यांना दुसरं दार शोधावं लागलं.

ते त्यांना यूट्यूबवर सापडलं. गेल्या काही वर्षांत ओमोनी ओबोली, रूथ कदिरी अशा नायजेरियन अभिनेत्री स्वतःच निर्मात्या झाल्या आहेत. सिनेमा काढायचा, स्वतःच्या चॅनेलवर पूर्ण टाकायचा, जाहिरातींचे पैसे घ्यायचे. शूटिंग पुन्हा थोड्या दिवसांत, पुन्हा बंगल्यांत, पुन्हा चेहऱ्याच्या जोरावर. चित्रफितीच्या लहानशा चित्रात तेच मोठाले चेहरे, जुन्या कव्हरसारखे. मात्र किती लोकांनी पाहिलं तो आकडा सिनेमाच्या खालीच लिहिलेला असतो, आणि तो अभिनेत्रीला, प्रेक्षकाला, सगळ्यांनाच दिसतो.